कमळची बरणी

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दत्तात्रेय राऊतांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, की कमळची बरणी निघणार नाही. घरात कुणी मानसुद्धा वर केली नाही. आवाज पोचला नाही असं नव्हे. गावच्या दारूबंदी प्रचार समितीचे ते आठ वर्षं चिटणीस, आणि त्यांच्या आवाजाने वाडीच्या टोकाच्या पोफळींवरचे कावळे उडायचे. पण राऊतांच्या घरात चिटणीसाला विचारतो कोण? त्यांची आवडाआत्या चुलीपाशी बसून लाकडी डाव आणि करवंट्या राखेने घासत होती. धाकटा भाऊ हिरामण फावड्याला नवा दांडा बसवत होता. आणि जिचा साखरपुडा होता ती त्यांची लेक कमळ न्हाऊन ओल्या केसांनी आपल्या माडाच्या बुंध्याशी पाट टाकून बसली होती, म्हणजे कुणी गुपचूप खणायला आलंच तर आधी तिला उचलावं लागेल.

"बरणी निघाल्याशिवाय आणि मी चाखल्याशिवाय साखरपुड्याच्या पाटावर बसायची नाही," असं तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने असं बोलावं का, यावर आळीत दोन मतं होती. राऊतांकडे एकच होतं, की पोर आबांवर गेली.

आबा म्हणजे दत्तात्रेयांचे वडील, रामचंद्र राऊत. चौलला राऊतांची माडांची वाडी त्यांच्या आज्यापासूनची, पण जांभळी सुरू केली ती त्यांचे वडील काळूराम यांनी. माडी सगळेच भंडारी काढत, त्यात काय मोठंसं! काळूरामांनी वाडीमागच्या डोंगरउतारावरची जांभळं पिळून रसात गूळ आणि माडीच्या तळाशी बसलेला साका घातला, चाळीस दिवस रांजणात ठेवला, वस्त्रगाळ केला आणि मातीत पुरला. तीन वर्षांनी उकरून चाखला तेव्हा ते अर्धा दिवस कुणाशी बोलले नाहीत म्हणतात. पुढे रेवदंड्याहून पडावात घालून ती मुंबईला जाऊ लागली. एका गोऱ्या कलेक्टराने शिफारसपत्र दिलं, ते चौकट करून ओटीवर लावलं. घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं. वीस वर्षं सगळे त्या चौकटीला गुरुवारी फूल वाहायचे. मग दत्तात्रेय शाळेत पाचवीला गेले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की हे पेय उन्हाळ्यात सहन होण्याजोगं आहे. तेव्हापासून फूल बंद झालं, चौकट मात्र राहिली.

सत्तेचाळीस साली झेंडा लागला त्या दिवशी आबांनी सर्वांत जुना रांजण उघडून अख्ख्या आळीला जांभळी पाजली. लोक स्वातंत्र्याच्या नावाने नाचले, त्यात मामलेदार कचेरीतले दोन कारकूनही होते. तीन वर्षांनी त्याच झेंड्याखालून दारूबंदी आली. तेच दोन कारकून पंच म्हणून वाडीत आले आणि सत्तावीस रांजण खाडीत ओतले गेले. आधी कळतं तर त्या दिवशी पाणी पाजलं असतं, एवढंच आबा म्हणाले. त्याच पावसाळ्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, आत्या म्हणते कायदा.

रांजण गेले, तशा पुरलेल्या बरण्याही गेल्या. राऊतांकडे मुलगा झाला की बारशाला एक माड लावायचा आणि त्याच्या मुळाशी जांभळीची बरणी पुरायची. ती निघायची त्याच्या साखरपुड्याला. पहिली धार वाडीच्या राखणदार देवाला, मग दोन्ही व्याह्यांनी एका करवंटीतून प्यायची. ती प्याली की शब्द पक्का झाला, नंतरचे हळदकुंकू-नारळ नुसते शोभेचे. आणि मूल दगावलंच तर बापाने एकट्याने माडाखाली बसून एक करवंटी प्यायची आणि उरलेली मुळात ओतून टाकायची. तसं राऊतांच्या घरात दोनदा झालं होतं.

मुलींना बरणी नसे. एकोणचाळीस साली कमळ झाली तेव्हा आबांनी कुणालाही न विचारता तिचा माड लावला, तोही स्वयंपाकघराच्या दारासमोर, आणि बरणी पुरली. तोंड नेहमीसारखं आत्याने बंद केलं. मेण, चुना आणि गूळ यांचा लेप, त्यावर आत्याच्याच उजव्या अंगठ्याचा ठसा. पन्नास साली पंच त्या माडापाशी आले तेव्हा आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हितं पोरीची वार पुरलीय. काढा, पंचनाम्यात लिवा." दोघंही कारकून तोंडाला उपरणं लावून पुढच्या माडाकडे गेले. अशी ती एकच बरणी वाचली. हिरामणची गेली. त्याचं लग्न कधी झालंच नाही, पण बरणी खाडीत ओतली तेव्हा तो पंचांना म्हणाला होता, माझी बायको बुडवली तुम्ही.

तर आता दत्तात्रेयांचं म्हणणं असं होतं. एक, कायदा. दोन, समिती. तीन, होणारे व्याही तुकाराम कवळे हे अबकारी खात्याचे निवृत्त जमादार. त्या खात्याने आधी कर न भरता पिणाऱ्यांना धरलं आणि नंतर पिणाऱ्यांनाच. जमादार दोन्ही काळांत तेच होते आणि काठीही तीच. अशा माणसापुढे बरणी उकरायची म्हणजे मुलीला नव्हे, स्वतःलाच त्यांच्या स्वाधीन करायचं. बरणी आपण स्वतः, आत्ता, एकट्याने नेऊन खाडीत ओततो, असं त्यांनी सुचवलं. फावडं द्या, कुणी बरोबर यायची गरज नाही.

हिरामणने फावडं दिलं नाही. पहाटे सरकारी परवान्याने माडावर चढून नीरा काढणारा हा माणूस. ती नीरा अलिबागच्या केंद्रावर पोचेपर्यंत सूर्य वर यायचा आणि सरकारी कॅनमध्येच तिची माडी व्हायची, याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. तो म्हणाला, "दादा, बरणी तुजी न्हाय. पोरीची हाय. तिला इचार."

"ती लहान आहे."

"लगीन करताव तिचं."

दत्तात्रेय मग बायकोकडे वळले. सखुबाई आतापर्यंत त्यांच्याच बाजूने होती. चांगलं स्थळ, मुलगा सदा रेवसच्या धक्क्यावर लाँच कंपनीत तिकिटं देणारा, निर्व्यसनी, दात सरळ. त्यात दारू उकरून कशाला विघ्न? पण नवरा एकट्याने जातो, एकट्याने ओततो असं तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने पुरण वाटता वाटता त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. दत्तात्रेयांना सभेत कधी घाम येत नसे. सखुबाईला एक जुनी दुपार आठवली. त्या दुपारीही ते असेच घामेजलेले आत आले होते, आणि त्यांच्या तोंडाला वास होता. हे तिने सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तिने वरवंटा खाली ठेवला.

"निघू दे बरणी," ती म्हणाली. "सासऱ्यांनी पुरली, ती काढायला आपण कोण नको म्हणणार?"

झालं, चिटणीस एकटे पडले. पण ते एकटे पडले म्हणून गप्प बसणारे नव्हते, वेळेआधी कामाला लागणारे होते. दत्तात्रेयांचा हा स्वभावच. दहाच्या एस.टी.ला ते साडेआठला थांब्यावर. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त ते आदल्या दिवशी लिहून ठेवत, 'सर्वानुमते मंजूर'सकट, आणि बैठक त्याप्रमाणे होईल असं बघत. आबांचं तेराव्याचं आमंत्रण त्यांनी दहाव्याला वाटलं होतं. आताही त्यांनी गाडी रस्त्यातच गाठायची आणि जमादारांना बरणीची गोष्ट अशी सांगायची ठरवलं, की त्यांनीच नको म्हणावं. टोपी घातली आणि निघाले.

पाव मैलावर बैलगाडी भेटली. पुढे सदा, मागे जमादार आणि त्यांची मंडळी. दत्तात्रेयांनी चालता चालता विषय काढला. म्हणाले, आमच्याकडे जुनी बायकामाणसं आहेत, एक जुनाट रीत आहे, आपल्यासारख्या कायद्याच्या माणसाला ते पटणार नाही हे मी जाणतो.

जमादारांनी पान थुंकलं. "जांभळी ना? छत्तीस साली तुमच्या वाडीवर धाड घातली होती मी. काही सापडलं नाही. निघताना तुमच्या वडिलांनी पाणी म्हणून एक तांब्या दिला." त्यांनी उपरण्याने ओठ पुसले. "त्यानंतर अहवाल लिहिला, की वाडीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही. खोटं नव्हतं ते. मला आक्षेप नव्हता."

उरलेला रस्ता दत्तात्रेय गाडीमागून धूळ खात आले.

कमळने गाडी येताना पाहिली. तिला सदापेक्षा आधी वडील दिसले, आणि त्यांचं तोंड बघून तिचा जीव कळवळला. आपण हट्ट करतो आहोत हे तिला कळत होतं. बापाची इभ्रत आहे, आठ वर्षं त्यांनी गावभर भाषणं केली आहेत, हेही कळत होतं. पण भावकीतले तिचे सगळे भाऊ आपापल्या बरणीच्या गोष्टी सांगत मोठे झाले होते. राऊतांच्या चार पिढ्यांत मुलीच्या नावाने पुरलेली ही एकच, आणि तीही तोंड न बघता खाडीत जायची? हिरामणकाका फावडं घेऊन आला तेव्हा ती पाट घेऊन बाजूला झाली.

हातभर खोल खणल्यावर बरणीचा खांदा दिसला. हिरामणने हाताने माती काढली. आत्या गुडघे टेकून बसली आणि बरणीच्या तोंडावरून बोटं फिरवू लागली. तिला आता नीट दिसत नाही, पण आपला अंगठा ती कुठेही ओळखेल. बोटं एकदा फिरली, दोनदा फिरली. मग ती थांबली.

"ह्यो माजा न्हाय," ती म्हणाली.

सगळे वाकले. तोंडावर मेण नव्हतंच. लाल लाख होती, मातीत तडकलेली, आणि तिच्यावर गोल शिक्का उठलेला. अक्षरांत माती बसली होती. आत्याला वाचता येत नव्हतं, हिरामणला येत होतं पण तो नुसता बघत राहिला. कमळने पदराने लाख पुसली आणि मोठ्याने वाचलं, "दारूबंदी प्रचार समिती. खाली चिटणीस."

मग हिरामण हसू लागला. फावड्यावर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आयला, सरकारनं शील केली," तो म्हणाला. आत्याने त्याच्या पोटरीवर चापट मारली तेव्हा थांबला.

दत्तात्रेय टोपी हातात घेऊन उभे होते. पळून जावं तर अंगणाच्या दारात बैलगाडी. सभेत ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही ते एकेक शब्द चाचपत बोलू लागले, आणि तेही बायकोकडे बघून.

"तिला विषमज्वर झाला होता तेव्हा. एकविसावा दिवस. डॉक्टर सकाळी म्हणाले, संध्याकाळपर्यंत. तुम्ही सगळ्या आत होता. मला आत बघवेना. म्हटलं संध्याकाळी हे करायचंच आहे, तेव्हा हात चालणार नाहीत, आत्ताच..." त्यांनी टोपीची घडी घातली. "मी खणली. लेप फोडला. एक करवंटी प्यालो. उरलेली मुळात ओतायला बरणी उचलली आणि आतून तुझी हाक आली, की पोरीने पाणी मागितलं."

सखुबाईने तोंडावर पदर घेतला. सात वर्षं ती एकच गोष्ट मनात धरून होती, की पोर मरत असताना हा माणूस कुठेतरी जाऊन पिऊन आला. त्याला तिने ताट वाढलं, त्याचे सदरे धुतले, त्याच्या भाषणांना पुढच्या रांगेत बसली, आणि माफ मात्र केलं नाही.

"मग शपथ घेतली, पुन्हा थेंब नाही. आणि बरणी बंद करायला काही नव्हतं. मेण कसं लावतात मला कधी आलंच नाही. खिशात समितीची लाख होती."

"पर शिक्का कशापायी रं मारलास?" आत्याने विचारलं.

"सवय," दत्तात्रेय म्हणाले. "लाख लावली की मारतो. नंतर लक्षात आलं. पण तू दिवसभर दारात बसलेली असायचीस."

आत्याने तोंडातल्या तोंडात आपल्या भाच्याला एक शिवी दिली, जी पाहुण्यांसमोर द्यायची नसते. मग कोयत्याच्या टोकाने लाख उडवली. वास आला तो पहिल्यांदा तिला. तिने मान हलवली. करवंटीत डावभर काढून जिभेवर घेतलं आणि थुंकून दिलं. लाख मातीत तडकते, हवा आत शिरते. सात वर्षांत जांभळी आंबून तिचा शिरका झाला होता. दाट, काळा, झणझणीत शिरका.

इतका वेळ न बोललेले सदाचे मामा आता म्हणाले, की हा अपशकुन आहे, बरणी आंबली म्हणजे सोयरीक आंबली, आपण विचार करावा. दोन बायका आपापसात कुजबुजल्या. सदा कमळकडे बघत होता. कमळ बरणीकडे बघत होती. ओल्या केसांचं पाणी तिच्या नव्या चोळीवर ठिबकत होतं, पण तिच्या ते गावी नव्हतं. हाताशी आलेलं सगळं गेलं होतं, बरणीही आणि बहुतेक स्थळही, आणि बापावर रागवावं तर राग येत नव्हता.

जमादार उठले. बरणीपाशी उकिडवे बसले. बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस, घाई नव्हती. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात सांगितलं, "हा शिरका आहे. यात नशा राहिलेली नाही. कायद्याची हरकत नाही." आणि मामांकडे न बघता म्हणाले, "मुलगी आजारातून उठली त्या दिवशीची ही बरणी आहे. याहून चांगला शकुन मला माहीत नाही. राखणदाराला घाला."

आत्याने पहिली धार माडाच्या मुळाशी सोडली. मग करवंटी भरून जमादारांच्या हातात दिली. त्यांनी अर्धी प्याली. डोळ्यांत पाणी आलं, मिशा थरथरल्या, पण हू की चू केलं नाही. ओटीवरच्या चौकटीकडे बघून त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय म्हणाले होते तुमचे वडील त्यात? सहन होण्याजोगं?" आणि करवंटी दत्तात्रेयांपुढे धरली.

दत्तात्रेय मागे सरकले. शपथ होती. त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"शिरका हाय," आत्या म्हणाली. "तूच केलास त्यो. पी."

चिटणीसांनी डोळे मिटून उरलेली प्याली. त्यांना ठसका लागला, सखुबाईने पुढे होऊन पाठीवरून हात फिरवला. सात वर्षांत तिने असा हात फिरवला नव्हता. हे त्या दोघांखेरीज फक्त आत्याला कळलं आणि तिने तिसरीकडे पाहिलं.

सगळे उठू लागले. हळदकुंकू आणायला कुणी आत गेलं. तेव्हा कमळ म्हणाली, "बाबा."

दत्तात्रेय थांबले.

"माझी बरणी तुम्हीच तेवढी चाखलीत. कशी होती?"

या माणसाने दारूवर गावोगाव भाषणं केली होती. दारूने घरं कशी बुडतात, यकृत कसं सडतं, सगळं आकड्यांसकट सांगितलं होतं.

"आधी तुरट," ते म्हणाले. "मग गोड. आबांच्या रांजणातली होती तशीच, पण जरा हलकी. मी रडत होतो, कमळ. आणि ती चांगली लागत होती. त्याची मला अजून लाज वाटते."

कमळने वाकून करवंटी उचलली, बरणीत बुडवली आणि भरून तोंडाला लावली. बायकांनी प्यायची रीत नव्हती, पण मुलीच्या नावाने पुरायचीही कुठे होती? तिने सगळी संपवली. तोंड वाकडं झालं, खांदे शहारले. हाताच्या पालथ्याने ओठ पुसून तिने करवंटी आत्याला परत दिली.

"चला," ती म्हणाली, "बसते मी पाटावर."